उघाडपाड्याची दोन तारीख

अख्ख्या महाराष्ट्रात महाराष्ट्र दिन एक मेला होतो. आमच्या उघाडपाड्यात तो दोन मेला होतो, आणि तोही दुपारी चार वाजता. नवा माणूस हे ऐकून आधी हसतो, मग गावात कॅलेंडर येत नाही का म्हणून विचारतो. मी छत्तीस वर्षं पाणीखात्यात व्हॉल्वमन होतो. कुठल्या गल्लीचं पाणी किती वाजता सोडायचं यावरून तुळिंजपासून मनवेलपाड्यापर्यंतच्या लोकांच्या शिव्या मी खाल्ल्या आहेत. त्यामुळे वेळ आणि तारीख मला कोणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात तोंडघशी पडलेला माणूस मीच आहे.

आमचा पाडा खाडीच्या कडेला. खाडीचं पाणी मिठागरात घ्यायला बांधात एक लाकडी दार असायचं, त्याला उघाडी म्हणतात. त्या दाराजवळ वस्ती झाली म्हणून उघाडपाडा. आता मिठागरं बंद पडून जमाना झाला. बांध आहे, दाराची कुजकी चौकट आहे, आणि जिथं मीठ चमकायचं तिथं तिवरं माजली आहेत. पलीकडं वीस-वीस मजल्यांचे टॉवर. तिथले लोक गॅलरीत उभे राहून आमच्या बांधाचे फोटो काढतात आणि त्याला निसर्ग म्हणतात.

दोन तारखेची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो. माझे बाबा दर वर्षी माईकवर ती सांगायचे. महाराष्ट्र राज्य झालं ते १९६० सालच्या एक मेला, वार रविवार. पण मिठाला रविवार कसला? आगरात मीठ तयार होऊन पडलेलं, आणि नेमकं त्या दिवशी आभाळ आलं. पाऊस पडला असता तर महिन्याची मेहनत पाण्यात. "तेव्हा आम्ही ठरवलं," बाबा इथं थांबून सगळ्यांकडं बघायचे, "आधी मीठ, मग झेंडा." गावानं एक तारखेला मीठ ओढलं आणि दोन तारखेला मिठाच्या राशीवर झेंडा लावला. टाळ्या पडायच्या. बाबा एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण त्या दोन मिनिटांत त्यांची छाती फुगलेली असायची. ते गेल्यावर मी स्वतः रंग आणून कमानीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आधी मीठ, मग झेंडा'. ते वाक्य म्हणजे माझी बापाकडून मिळालेली इस्टेट होती. दुसरी काही नव्हती.

बाकी काळानुसार सगळं बदलत गेलं. मी पोरगा होतो तेव्हा युनियनवाले लाल झेंडा घेऊन आले आणि म्हणाले, हा महाराष्ट्र दिन नाही, कामगार दिन आहे. त्यावरून बांधावर बोंबाबोंब झाली, शेवटी दोन काठ्या रोवल्या. पुढं युनियन गेली, कमान आली, कमानीवर भगवी झालर आली. मग ऑर्केस्ट्रा, मग डीजे, मग चाळीस चेहऱ्यांचा बॅनर. पूर्वी त्या दिवशी बांधावर पुरुष स्वतः चुली पेटवून सुकट-भात रांधायचे. त्याचं पुढं पोहे घालून केलेलं चिकनचं भुजिंग झालं, मग भुजिंग रांधायला विरारचा केटरर येऊ लागला, आणि बायकांच्या वाट्याला रांगोळी, हळदीकुंकू आणि भांडी आली. गाव पंचायतीतून महानगरपालिकेत गेलं. सगळं बदललं, तारीख तेवढी बदलली नाही.

माझ्याबरोबर खात्यात फेबियन होता, सांडोरचा. तो मला चिडवायचा. म्हणायचा, एक मेला सरकारचा महाराष्ट्र दिन, युनियनचा कामगार दिन, गुजरातवाल्यांचा गुजरात दिन, आणि आमच्या चर्चमध्ये संत जोसेफ कामगाराचा सण. एवढ्या गर्दीत तुमच्या गावाला जागा मिळाली नाही म्हणून तुम्ही दुसऱ्या दिवशीची गाडी पकडली. मी त्याला चहा पाजायचो आणि बाबांची गोष्ट सांगायचो. शंभर वेळा सांगितली असेल.

घोडं अडलं ते माझ्याच घरात. माझा मुलगा प्रितेश अंधेरीला एका बँकेत कामाला आहे. मागच्या वर्षी त्यानं दोन मेची रजा टाकली आणि कारण लिहिलं महाराष्ट्र दिन. तिथली बाई म्हणाली, "वो तो कल था ना?" आणि अख्खं ऑफिस हसलं. ते हसणं त्यानं वर्षभर सांभाळून ठेवलं होतं. या वर्षी हनुमान जयंतीच्या आसपास त्यानं जेवताना विषय काढला. म्हणाला, तारीख बदलू या. एक तारखेला सगळ्यांना सुट्टी असते, शाळेत निकाल असतो, पोरं घरी असतात. दोनला माणसं येत नाहीत, गेल्या वर्षी खुर्च्या तीनशे आणि माणसं ऐंशी. मंडळाचा अध्यक्ष धनेश, म्हणजे माझा चुलतभाऊ, त्याच्या बाजूनं होता. सूनबाई मनाली बोळिंजच्या लॅबमध्ये काम करते. तिलाही एकचीच सुट्टी. ती काही बोलली नाही, पण न बोलण्याची तिची एक पद्धत आहे, ती मला कळते.

मला मिरच्या झोंबल्या. मी म्हणालो, आजोबांची गोष्ट तुला माहीत आहे ना? तर म्हणतो, "पप्पा, आजोबांनी मीठ वाचवलं, चांगलं केलं. पण आता मीठच नाही." पोरगा खरं बोलला की जास्त राग येतो. मी ताटावरून उठलो आणि दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. बायको म्हणाली, देशाची फाळणीसुद्धा याहून कमी तमाशात झाली असेल.

या सगळ्यात माझी आई आपलं काम करत होती. आई म्हणजे धोंडूबाई, वय एक्याऐंशी. लग्न होऊन उघाडपाड्यात आली ती १९६० च्या एप्रिलमध्येच, सोळा वर्षांची. तेव्हापासून तिनं मिठाच्या पाट्या वाहिल्या. आगर बंद झालं तेव्हा भाजी विकली, गुडघे गेले तेव्हा घरात बसून लसूण सोलला. पण दोन मेला तिचा कामाचा सपाटा काही वेगळाच असायचा. सगळं गाव नटूनथटून बांधावर जमायचं आणि आई जुनं लुगडं नेसून मोठी पातेली घासत असायची. आम्ही लहानपणी ओढायचो, आये बस ना, जेव ना. ती म्हणायची, तुम्ही बसा, मना काम हाय. तीन वर्षांपूर्वी धनेशनं तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, "कष्टाची मूर्ती, कामगार दिनाचं जिवंत उदाहरण" असं काहीबाही बोलला. आईनं नारळ फोडून खोबरं वाटणात घातलं आणि शाल मिक्सरवर टाकली.

बैठक मारुतीच्या देवळात ठरली, रविवारी संध्याकाळी. आदल्या दिवशी मला एक युक्ती सुचली आणि मी स्वतःवरच खूश झालो. तो दिवस प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस गावात एकच उरलं होतं, ते माझ्या घरात होतं. आईनं चार लोकांसमोर नुसतं सांगायचं, होय, आभाळ आलं होतं. मग बघू कोण तारीख बदलतो ते. मी आईला विचारलं, येशील का? तिनं हातातला लसूण खाली ठेवला. मग म्हणाली, "तू बोलवतोस तं येते."

देवळात पन्नासेक माणसं होती. प्रितेशनं मुद्दे मांडले, मोबाईलवर आकडे दाखवले. धनेशनं मान डोलावली. मग मी उठलो, बाबांचं वाक्य बाबांसारखंच थांबून थांबून म्हटलं, आणि वकिलानं साक्षीदार पुढं करावा तसा आईला पुढं केलं. म्हणालो, आये, सांग यांना, एक तारखेला आभाळ आलं होतं की नाही?

आई खांबाला टेकून उभी होती. खुर्ची दिली, ती तिनं घेतली नाही.

"आभाल आल्तं, ता खरा," ती म्हणाली. मी विजयी मुद्रेनं प्रितेशकडं पाहिलं. "पन पयल्या तारखेला गावान पुरुष व्हता कुटं? सगलं आदल्या दिवशीच मुंबैला जेलते, सोहला बगाला. आभाल आला तवा आगरान बायाच व्हत्या. पुरुषांच्या वाटचा मीठ बी बायांनी ओरला. दिवस बुरंपरयंत पाट्या वायल्या."

 माझ्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, ते काढून कुठं ठेवावं मला कळेना.

मग तिनं बाकीचं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात. पुरुष एक तारखेला रात्री परत आले. गळ्यात हार, हातात पेढे, घसा बसलेला. मुंबईत केवढी माणसं होती, केवढी रोषणाई होती. दोन तारखेला सकाळी त्यांनी झेंड्याची काठी काढली आणि बायकांना म्हणाले, चला, झेंडा लावू, मग मीठ राशीला लावायचं आहे. तेव्हा आईची थोरली जाऊ शांता बांधावर जाऊन बसली. तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. सगळ्या बायका पाट्या पालथ्या घालून त्यावर बसल्या. शांता म्हणाली, तुमचा दिस काल झाला. आज आमचा. आधी आमी बसनार, मंग तुमचा झेंडा.

पुरुषांनी आधी हसून पाहिलं, मग ओरडून पाहिलं. मुकादम येऊन गेला. बायका हलल्या नाहीत. बारा वाजले, पोरं भुकेनं रडायला लागली, तेव्हा पुरुषांनी झक मारत चुली पेटवल्या आणि सुकट-भात रांधला. बायकांना बसल्या जागी वाढलं. चार वाजता शांता उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, आता लावा. मग झेंडा लागला.

म्हणजे दोन तारीख का, तर हे. दुपारी चार का, तर हे. पुरुष का रांधायचे, तर हे. आमच्या पाड्यात साठ-पासष्ट वर्षं आम्ही हे सगळं इमानेइतबारे पाळत होतो आणि कशासाठी ते एकालाही ठाऊक नव्हतं. पाळतापाळता आम्ही त्यातून फक्त बायकांचं बसणं तेवढं काढून टाकलं होतं.

मनाली मागच्या रांगेत होती. तिनं विचारलं, "आजी, तुम्ही कुठं बसला होतात?"

आईनं पदर नीट केला. "मी नाय बसले," ती म्हणाली. आणि चपला घालून देवळाच्या पायऱ्या उतरू लागली.

मी बैठक तशीच सोडून तिच्या मागं गेलो. रस्त्यात दिवे लागले होते. ती एका हातानं माझा खांदा धरून चालत होती, दुसऱ्या हातानं गुडघा. मी विचारलं, का नाही बसलीस?  किराणा दुकान गेलं, पिठाची गिरणी गेली, तेव्हा ती बोलली. लग्नाला तेव्हा पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. शांतानं तिला बोलावून शेजारी जागा दिली होती. ती बसणार, तेवढ्यात बाबा आले. मुकादमासमोर त्यांना लाज वाटली असेल, नवी बायकोसुद्धा ऐकत नाही म्हणून. ते फक्त एक शब्द बोलले, ऊठ. ती अजून पुरती बसलीसुद्धा नव्हती. तिनं पाटी उचलली. दिवसभर एकटी मीठ वाहत राहिली, बसलेल्या बायकांच्या पुढून. कोणी तिला बोललं नाही, हसलंही नाही. येताजाता शांता फक्त शेजारच्या जागेवर हात थोपटायची. ती जागा चार वाजेपर्यंत कोणी घेतली नाही.

"दर वर्साला ती जागा ठेवायची," आई म्हणाली. "हात थोपटायची. मी बोलायची, फुरल्या वर्साला बसते. मंग तीच जेली."

मी विचारलं, मग बाबा माईकवर एवढं बोलायचे, तेव्हा तू काही म्हणाली का नाहीस? यावर तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी अजून चड्डीत आहे. "त्याना तेवराच मान व्हता. तो कनाला काढू? त्यानी परत कवा मना ऊठ नाय बोल्ला. जलमभर नाय बोल्ला." थोडं चालल्यावर म्हणाली, "पन मी बी कवा बसले नाय."

मला त्या रात्री बाबांचा राग आला, मग त्यांची कीव आली, मग स्वतःची लाज वाटली. मी जन्मभर दोन तारखेसाठी भांडलो आणि ज्या बाईची ती तारीख होती ती माझ्यासमोर पातेली घासत होती. तेव्हा मला महाराष्ट्र दिनाचं काही राहिलं नाही. तो एक तारखेला करा, तीस तारखेला करा. मला एवढंच हवं होतं की या दोन मेला आईनं बांधावर बसावं. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला फुरल्या वर्साचा, पुढच्या वर्षाचा वायदा करता येत नाही.

मी गेल्यावर देवळात काय झालं ते घरी आल्यावर मनालीनं सांगितलं. तिनंच उठून सुचवलं होतं: झेंडा एक तारखेला सकाळी, सगळ्या महाराष्ट्राबरोबर. दोन तारखेला झेंडा नाही, माईक नाही, बॅनर नाही. बायकांनी बसायचं, पुरुषांनी रांधायचं, केटरर बंद. बायकांचे हात एकदम वर गेले. पुरुषांनी एकमेकांकडं पाहिलं आणि त्यांचेही गेले, कारण बायका बघत होत्या. धनेश तेवढा म्हणाला, निदान एक छोटा बॅनर? त्याच्या बायकोनंच त्याला खाली बसवलं.

प्रितेश माझ्या खोलीत आला. म्हणाला, "पप्पा, म्हणजे दोघंही जिंकलो." मी म्हणालो, दोघंही हरलो, पण ठीक आहे. मग त्यानं विचारलं, दोनच्या रजेला या वर्षी कारण काय लिहू? मी म्हणालो, स्वयंपाक लिही. त्यानं खरोखर तेच लिहिलं. त्या बाईनं या वेळी हसायच्या आधी दोनदा वाचलं म्हणे.

एक तारखेला सकाळी सात वाजता शाळेत झेंडा झाला. पोरांचे निकाल लागले. आयुष्यात पहिल्यांदा मी महाराष्ट्र दिनाचं राष्ट्रगीत सरकारी तारखेला म्हटलं आणि काही बिघडलं नाही. पलीकडच्या टॉवरचे लोकही आले होते. त्यांनी मला विचारलं, उद्या काय आहे? मी म्हणालो, उद्या आमच्या बायका बसणार आहेत. त्यांना वाटलं उपोषण.

संध्याकाळी मी, उद्या आईच्या हाती काम लागू नये म्हणून, घरातली केरसुणी, काथ्या, भांडी घासायची पावडर असं सगळं पिशवीत भरलं आणि फेबियनच्या स्कूटरच्या डिकीत टाकलं. तो म्हणाला, शत्रुघ्न, रिटायर झाल्यावर माणूस असा होतो हे मला माहीत नव्हतं. पण घेऊन गेला. आणि दुसऱ्या दिवशी स्वतः रांधायला येतो म्हणाला, कारण आमच्या हातचं भुजिंग खायला लागलं तर बायका पुन्हा कधी बसणार नाहीत.

दोन मे, शुक्रवार. आई पाचला उठली. केरसुणी दिसली नाही तेव्हा ओल्या फडक्यानं ओटी पुसली.  नऊ वाजता आम्ही बांधावर गेलो. आम्ही चौदा पुरुष, तीन चुली आणि फेबियन. कांदा कापताना धनेश असा रडत होता की मागच्या वर्षीच्या बॅनरवरच्या चाळीस चेहऱ्यांना त्याची दया आली असती. प्रितेशनं मोबाईलवर कृती लावली होती, फेबियननं तो मोबाईल त्याच्या खिशात परत घातला. धूर बायकांच्या बाजूला जायला लागला तशा त्या ओरडायच्या, आणि आम्ही पत्र्याचा आडोसा धरून उभे राहायचो.

बायका साठेक होत्या. कित्येकींनी रजा टाकली होती, मनालीनं लॅबमधली शिफ्ट बदलून घेतली होती. ताडपत्रीच्या सावलीत चटया घातल्या होत्या. पहिली पाच-दहा मिनिटं त्यांना बसता येईना. कोणी पाणी भरायला उठायची, कोणी पोराचं नाक पुसायला. मग सवय झाली. गप्पा सुरू झाल्या, आणि अर्ध्या तासानं त्या आमच्या स्वयंपाकाला नावं ठेवू लागल्या, तेव्हा मला कळलं की आता जमलं.

मधोमध मनाली बसली होती. तिच्या एका बाजूला एका माणसाची जागा मोकळी होती. त्या जागेच्या पलीकडं निधी, शांताकाकीची नात, कॉलेजात जाणारी. दोघींनी ठरवून केलं होतं की आपोआप झालं, मी अजून विचारलेलं नाही.

आई ताडपत्रीच्या बाहेर उभी होती. काथ्या मिळाला नाही म्हणून तिनं चुलीतली राख आणि चिंधी घेतली होती आणि कांद्याचं रिकामं पातेलं कमरेवर धरलं होतं. निधीनं तिला पाहिलं. शेजारच्या चटईवर हात थोपटला, दोनदा, हलकेच. तिनं आजीला तसं करताना पाहिलं असणं शक्य नव्हतं. तिच्या जन्माच्या आधीच शांताकाकी गेली होती. त्या रात्री मी घरात सांगितलेलं मनालीनं तिला सांगितलं असणार.

आई हलली नाही. बायकांच्या गप्पा एकेक करत थांबल्या. सगळ्या तिच्याकडं बघायचं नाही असं ठरवून खाडीकडं बघत होत्या, आणि खाडीत तर बघण्यासारखं काहीच नव्हतं. माझ्या हातात झारा होता. मी तो फेबियनकडं दिला आणि आईजवळ गेलो. साठ वर्षांचा घोडा मी, अर्ध्या शहराला पाणी देऊन बसलेला, पण एक शब्द बोलायला तोंड उघडेना.

"आये, बस."

तिनं पातेल्याकडं पाहिलं. "भांडी?"

"भांडी मी घासतो."

पातेलं मी तिच्या कमरेवरून काढून घेतलं. तिनं ते थोडं धरून ठेवलं, मग सोडलं. मनालीनं एक हात दिला, निधीनं दुसरा. गुडघे वाकायला वेळ लागला. आई बसली. बसल्यावर हात कुठं ठेवावेत हे तिला कळेना, तिनं ते आधी मांडीवर ठेवले, मग चटईवर, मग निधीनं एक हात आपल्या हातात घेतला आणि तो प्रश्न मिटला. मी वळून चुलीकडं आलो. प्रितेश म्हणाला, पप्पा, डोळ्यांत धूर गेला का? मी म्हणालो, गप कांदा काप.

साडेबाराला आम्ही वाढायला घेतलं. बसल्या जागी, पत्रावळींवर. भुजिंग बघायला बरं दिसत होतं. बायकांनी एकेक घास खाल्ला आणि सगळ्या म्हणाल्या, छान झालंय हो, अगदी छान. बायका पुरुषांच्या स्वयंपाकाला छान म्हणतात तेव्हा त्यात काय असतं ते मला छत्तीस वर्षांच्या संसारानंतर कळतं, पण मी खूश झालो.

आईनं घास घेतला. चावला. सावकाश गिळला.

"मीठ कमी परलाय," ती म्हणाली.

सगळा बांध हसला. मिठागरातल्या चौदा पुरुषांनी मिळून रांधलं आणि मीठ कमी. आईनं सवयीनं चटईवर हात टेकला, एक गुडघा उचलला, आता उठून डबा शोधणार. मी पुढं झालो. पण मला काही बोलावं लागलं नाही. तिचं तिलाच आठवलं. गुडघा खाली ठेवला, मांडी नीट घातली आणि पत्रावळीवरून मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"शत्रू, मीठ आन."

मी डबा पाहिला, रिकामा. दुसऱ्या चुलीकडं विचारलं, त्यांच्याकडंही नाही. ज्या बांधावरून गाड्या भरून मीठ जायचं तिथं चिमूटभर मीठ नव्हतं. मी पायजमा वर खोचला आणि गावात किराणा दुकानाकडं पळत सुटलो. दुकानदार म्हणाला, काका, सावकाश, काय झालं? मी म्हणालो, आई जेवायची थांबली आहे. मिठाची पिशवी घेतली, वाटेतच दातानं फोडली आणि ओंजळीत मीठ धरून भर उन्हात बांधावरून पळत आलो. मिठाच्या पाट्या वाहत आई याच वाटेनं जायची.

आई तिथंच बसली होती. तिनं माझ्या ओंजळीतून चिमूटभर मीठ घेतलं, भुजिंगावर टाकलं आणि उरलेलं शेजारी द्यायला सांगितलं.